विमानाला होडीचं तेल

"मॅडम, गेटवर एक आजोबा आलेत. विमानात घालायला तेल पाहिजे म्हणतात. आत सोडू, की रिक्षात बसवून देऊ?"

वॉचमनचा हा फोन आला तेव्हा मी प्रयोगशाळेत एका डंपरवाल्याच्या तेलाचा नमुना तपासत होते. आमचा कारखाना पनवेलजवळ, तळोज्याला. रिक्षा, ट्रक, ट्रॅक्टर, पाण्याचे पंप अशा राबणाऱ्या यंत्रांसाठी आम्ही वंगण तयार करायचो. विमानं डोक्यावरून मुंबईकडे जायची, तेवढाच त्यांचा आणि आमचा संबंध. मी म्हटलं, "सोडा आत." सबंध नोकरीतल्या माझ्या चांगल्या निर्णयांत हा पहिला येतो. खरं सांगायचं तर जरा गंमत बघू, एवढाच त्यामागे विचार होता.

त्या आजोबांकडे वळण्याआधी माझ्या कामाबद्दल थोडं सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय कुणाला कळत नाही. मी उरणच्या बाजूच्या, मिठागरं असलेल्या एका गावातली. माझे वडील, म्हणजे आबा, मिठागरात कामाला. आमच्या घरात कॉलेजचा दरवाजा पाहिलेली मी पहिली. बी.एस्सी.चा निकाल लागला त्या दिवशी आबा एसटीच्या थांब्यावर येऊन उभे होते. मी उतरले आणि टक्के सांगायला तोंड उघडलं, तर त्यांनी एवढंच विचारलं, "पास?"

"पास."

"मंग चल जेवाला."

टक्के त्यांनी आजवर विचारलेले नाहीत.

पुढे नोकरी लागल्यावर मात्र त्यांनी चौकशी केली. "काय करतंस तिथं?"

"तेल तपासते, आबा."

"खायाचा?"

"नाही, मशीनला घालायचं."

आबांनी थोडा वेळ विचार केला आणि संध्याकाळपर्यंत गावभर सांगून टाकलं, "आमची पोर त्यालाची डाक्टर हाय." पुढच्या रविवारी शेजारच्या दोन म्हाताऱ्या गुडघ्याला चोळायचं तेल मागायला दारात हजर. त्यांना खोबरेल देऊन वाटेला लावलं. त्यांना गुण आला आणि माझी प्रॅक्टिस वाढली, ही गोष्ट वेगळी.

लोकांना वाटतं, तेल म्हणजे बुळबुळीत काहीतरी, कुठलंही घातलं तरी चालतं. तसं नसतं. तेल दाट असेल तर थंड इंजिनात ते बारीक जागांपर्यंत लवकर पोचत नाही. पातळ असेल तर तापल्यावर पाण्यासारखं होतं आणि लोखंडाला लोखंड घासतं. शिवाय आम्ही त्यात औषधं घालतो. एक औषध काजळी धुऊन काढतं, एक झीज थांबवतं, एक फेस येऊ देत नाही. कुठल्या यंत्राला कुठलं औषध आणि किती, हे ठरवणं माझं काम. यंत्र बोलत नाही, आणि यंत्राचा मालक जास्त बोलतो, एवढीच काय ती अडचण.

जास्त बोलणाऱ्यांत आमच्या हिराबाय पहिल्या. हिराबाय कोळी, मोरा बंदरापलीकडच्या खाडीत त्यांच्या तीन छोट्या होड्या. अशा होडीच्या मागे जे मशीन लावतात, त्यात तेल वेगळं घालत नाहीत. ते पेट्रोलातच मिसळतात, आणि पेट्रोलाबरोबर तेही जळून जातं. एकदा हिराबाय मासळीची पाटी डोक्यावर तशीच घेऊन थेट प्रयोगशाळेत आल्या आणि माझ्या टेबलावर एक स्पार्क प्लग आपटला. त्यावर राखेचा थर.

"बग गो ताय, तुजा त्याल काय करतंय! मशीन मधीच बंद पडतंय. माजा दादला खाडीत वल्हं मारून मारून वाकला."

"तेल पुरेसं घालता ना?"

"घालतंय म्हंजे! सासू जावयाला तूप वाढतंय तसा घालतंय."

चूक आमचीही होती. साध्या इंजिनांच्या तेलातली धातूची औषधं या तेलातही थोडी होती. ती औषधं तेलाबरोबर जळतात, पण त्यातला धातू जळत नाही, राख होऊन मागे राहतो. मग मी हिराबायसाठी धातू नसलेली औषधं घालून तेल तयार केलं. आमच्याकडे राखेची एक चाचणी असते: छोट्या मुशीत, म्हणजे आगीत टिकणाऱ्या वाटीत, तेल घालून पूर्ण जाळायचं आणि तळाला काय उरतं ते तोलायचं. नव्या तेलाने मूस जवळजवळ स्वच्छ ठेवली. हिराबायची होडी बंद पडायची थांबली. त्यांनी मला बोंबील आणून दिले आणि कारखान्याच्या शेठच्या तोंडावर सांगितलं, "हिचा पगार वाडवा." शेठनी बोंबील घेतले.

आता आजोबा. नाव हनीफभाई मुकादम, पनवेलचेच. सगळी नोकरी विमानं दुरुस्त करण्यात गेलेली, थोडी इथे, बरीच आखातात. पांढरी दाढी, इस्त्रीचा शर्ट, खिशात टॉर्च. खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "बेटी, जिंदगीभर दुसऱ्यांची विमानं तंदुरुस्त ठेवली. आता एक आपलं बनवलंय. दोन सीटचं. इंजिन जरा वेगळं आहे, म्हणून दुकानदार हात लावत नाहीत."

इंजिन खरंच वेगळं होतं. मोडीत निघालेल्या एका जपानी गाडीचं, रोटरी. नेहमीच्या इंजिनात पिस्टन वरखाली होतो. यात पिस्टनच नाही. फुगीर समोशासारखा तिकोनी लोखंडी ठोकळा कमरेत आवळलेल्या लंबगोल डब्यात गरगर फिरतो. समोशाची तीन टोकं डब्याच्या भिंतीला सतत घासत राहतात. त्या टोकांवर बारीक पट्ट्या बसवलेल्या असतात, आणि त्या पट्ट्यांवर सगळ्या इंजिनाचा जीव. त्या कोरड्या पडू नयेत म्हणून हे इंजिन आपल्याच पोटातलं तेल एका छोट्या पंपाने थेंब थेंब आत सोडतं. ते तेल तिथे जळून जातं. बाकीचं तेल समोशाच्या आतून फिरून त्याला थंड ठेवतं.

"म्हणजे एकाच तेलाने जळायचंही आणि टिकायचंही," मी म्हटलं.

"तेच तर! पोस्टिंग एक, ड्यूट्या दोन," हनीफभाई खूश होऊन म्हणाले.

माझी मजा बघण्याची इच्छा एव्हाना संपली होती आणि हे कोडं सोडवायची खरी भूक लागली होती. सहज विचारलं, "चालवणार कोण? तुम्ही?"

"माझी नजर कुठे राहिली? माझी मुलगी चालवणार. सायरा. लायसनवाली पायलट आहे."

मी पेन खाली ठेवलं. ट्रकचं इंजिन बिघडलं तर ट्रक रस्त्याच्या कडेला उभा राहतो. ड्रायव्हर बिडी पेटवतो आणि आम्हाला शिव्या देतो. आकाशाला कड नसते.

तेलावरून आमचा पहिल्याच दिवशी वाद झाला. हनीफभाईंचं म्हणणं, विमानाला विमानाचंच तेल हवं. माझं म्हणणं, ते तेल हवेने थंड होणाऱ्या, संथ फिरणाऱ्या इंजिनांसाठी केलेलं. या वेगाने फिरणाऱ्या इंजिनाला ते सुरुवातीला फार दाट पडेल. गाडीचं इंजिन आहे, गाडीचं उत्तम तेल घालू. बराच खल झाला, दोन चहा झाले, आणि माझं म्हणणं मान्य झालं. मी आमच्याकडचं सगळ्यात चांगलं तेल निवडलं, भरपूर सफाईची औषधं असलेलं. पोरगी वर जाणार होती, तेव्हा हात आखडायचा कशाला?

विमान कोन नावाच्या गावात होतं, एक्सप्रेसवेच्या बाजूला, पत्र्याच्या शेडमध्ये. शेडमध्ये हनीफभाईंच्या हाताखाली बबन म्हात्रे नावाचा गावातलाच मेकॅनिक होता. आधी हायवेवर ट्रक दुरुस्त करायचा. विमान दोरखंडांनी सिमेंटच्या खांबांना बांधून ते इंजिन चालवायचे. पंखा फिरायला लागला की शेजारच्या अंगणातले वाळत घातलेले कपडे उडायचे आणि एक काकू ओरडायच्या, "हनीफभाई, विमान उडायच्या आधी माझ्या चादरी मुंबईला पोचतील!"

सायरा पहिल्यांदा तिथेच भेटली. बारीक, तरतरीत, डोक्यावर उलटी टोपी. "तेलवाल्या ताई तुम्हीच ना? अब्बा घरी दुसऱ्या कोणाचं नाव घेत नाहीत," म्हणाली. पुढे तिने मला त्या दुसऱ्या सीटवर बसायचं आमंत्रणही कितीदा दिलं, आणि दर वेळी मी काही ना काही कारण काढलं. ही एक हळहळ राहिली आहे, ती इथेच सांगून टाकते.

इंजिन झकास चालत होतं. तेलाचं तापमान नीट, दाब नीट, आवाज एकसारखा. सरकारी निरीक्षक येण्याआधी एक मोठी चाचणी तेवढी बाकी होती. हनीफभाईंनी त्यासाठी सुट्टीचा दिवस निवडला, म्हणजे मलाही येता येईल. तो दिवस होता दसरा.

मी सकाळी पोचले तर शेडच्या दाराला झेंडूचं तोरण, आणि आत बबन कमरेवर हात ठेवून उभा.

"आज मशीन चालू व्हायचं नाय."

"अरे, निरीक्षक येणार आहेत. आज टेस्ट नाही केली तर कधी करायची?" सायरा म्हणाली.

"उद्या. आज हत्यारं पुसायची, पुजायची. आमी दसऱ्याला साधा पाना फिरवत नाय, न तुमी विमान फिरवतंय! काका, तुमी सांगा."

मला वाटलं, आता हनीफभाई वैतागणार. ते हसायला लागले. "सायरा, हा बरोबर बोलतोय. मी ज्या ज्या हँगरमध्ये नोकरी केली, तिथे दसऱ्याचे पेढे खाल्लेत. आज इंजिनाची छुट्टी."

बबनने सगळे पाने, स्क्रू ड्रायव्हर, हातोड्या घासून पुसून केळीच्या पानावर मांडल्या. मग इंजिनाकडे बघत राहिला. "ह्याला पानावर कसा ठेवू?" थोडा विचार करून त्याने चारही स्पार्क प्लग काढले. "देवाचा टाक असतंय ना, तसा. इंजिनाच्या जागी हे." आणि ते पुसायला फडका घेतला.

"थांब!" मी आणि हनीफभाई एकदमच ओरडलो.

चारही प्लगच्या तोंडावर पांढुरकी राख होती.

बबन प्लग उजेडात धरून म्हणाला, "मॅडम, पूजेच्या आदीच अंगारा लावून बसलाय हा."

सायरा हसली. आम्ही दोघं हसलो नाही. अशी राख इंजिनात साठत जाते. ती तापून लाल झाली की ठिणगी पडायच्या आधीच पेट्रोल पेटवते. त्याच राखेने टोकांवरच्या पट्ट्या खाचेत अडकून बसतात. मग इंजिनाची ताकद जाते. जमिनीवर खांबाला बांधलेलं असताना नाही; कधीतरी नंतर, वर असताना.

"एवढ्यात एवढी राख कशी?" मी पुटपुटले.

हनीफभाईंनी दाढी खाजवली. "बेटी, तो आतला पंप आहे ना, मी त्याचं तेल थोडं वाढवून ठेवलं होतं. म्हटलं, पोरगी बसणार आहे, पट्ट्या कोरड्या नको."

मला हसावं की रडावं कळेना. पोरगी बसणार म्हणून मी औषधं भरपूर असलेलं तेल निवडलं, आणि पोरगी बसणार म्हणून त्यांनी ते भरपूर सोडलं. प्लगवर जी साठली होती ती आमच्या दोघांच्या काळजीची राख होती. सासू जावयाला तूप वाढते तसं आम्ही वाढलं होतं.

बबनला या सगळ्याशी घेणं नव्हतं. पूजा खोळंबली होती. प्लग आहेत तसेच त्याने पानावर ठेवले, हळदकुंकू वाहिलं, उदबत्ती लावली आणि ताटलीत कापूर पेटवून ओवाळला. मी हात जोडून उभी होते, पण डोळे उघडेच. उदबत्तीची राख वाकून पानावर पडली. शेजारी कापूर भडकन जळला, विझला, आणि ताटलीत काही उरलं नाही.

उदबत्तीही जळते, कापूरही जळतो.

"हिराबाय!" मी म्हणाले.

"कोण बाय?" बबनने आरती थांबवून विचारलं.

आरती उरकल्यावर प्रसादाचा पेढा हातात धरूनच मी सगळ्यांना सांगितलं. एका तेलाने दोन कामं करायची, हाच आमचा हट्ट चुकीचा होता. टिकायचं तेल इंजिनात राहू दे. जळायचं तेल वेगळ्या छोट्या टाकीतून पंपाला देऊ, आणि ते असं देऊ, की जळल्यावर मागे काही ठेवणार नाही.

"आणि असं तेल कुठे मिळेल?" सायराने विचारलं.

"आमच्याकडे आहे. होडीचं."

हनीफभाईंनी आपला पेढा पानावर परत ठेवला. "माझ्या विमानात... होडीचं तेल?"

"तुम्ही विमानाचं तेल म्हणत होतात ना, तेही बिनराखेचंच असतं. तेवढं तुमचं बरोबर होतं. ते दाट पडेल, हे माझं बरोबर होतं."

"म्हणजे आपण दोघं अर्धे अर्धे पास," ते म्हणाले, आणि तेव्हा कुठे हसले.

दुसऱ्या दिवशी शेठना सांगितलं. ते म्हणाले, "विमानाला होडीचं तेल? बाहेर बोलू नकोस. नाहीतर होडीवाले विमानाचा भाव विचारत येतील." पण चाचणीला हो म्हणाले. मी दोन मुशी शेजारी शेजारी ठेवल्या, एकीत गाडीचं तेल, एकीत हिराबायचं, आणि दोन्हींतलं तेल जाळलं. पहिलीच्या तळाला करड्या राखेचा थर होता. दुसरीत नखाने खरवडलं तरी काही निघेना. हनीफभाई माझ्या शेजारी उभे होते. त्यांनी टॉर्च काढून त्या रिकाम्या मुशीत बराच वेळ उजेड पाडला. माणसं विहिरीत वाकून बघतात तसे.

तेवढ्यात हिराबाय आपला तेलाचा डबा न्यायला आल्या. त्यांना सगळा प्रकार सांगितला. त्यांनी हनीफभाईंना वरपासून खालपर्यंत बघितलं. "म्हंजे तुमचा इमान माज्या व्हडीचा त्याल पिनार? मंग माजी व्हडी पन उडंल काय?"

"इन्शाअल्ला, बाय!"

"नको रं बाबा. माजा दादला त्या व्हडीत झोपतंय."

बबनने इंजिन उघडून पट्ट्या न् खाचा साफ केल्या आणि एक छोटी टाकी बसवली. पंपाचा वाढवलेला थेंब पुन्हा मूळ मापावर आला. मोठी चाचणी झाली, काकूंच्या चादरी उडाल्या, आणि प्लग काढले तेव्हा त्यांचा रंग चहात बुडवून काढलेल्या बिस्किटासारखा, कोरडा, तपकिरी. आमच्या धंद्यात याहून सुंदर रंग नाही. निरीक्षक आले, त्यांनी खूप प्रश्न विचारले, टाकी दोनदा बघितली, आणि उडवायची परवानगी मिळाली.

विमान ट्रकवर घालून घाटावरच्या एका खासगी धावपट्टीवर नेलं. मी आबांना बरोबर नेलं होतं. धुतलेलं धोतर नेसून ते हनीफभाईंच्या शेजारी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले होते. घरून जेवणाचा डबा आणला होता, पण तो सोडायला कोणी तयार नव्हतं. मी सकाळपासून पाण्याच्या घोटापलीकडे काही घेतलं नव्हतं, आणि हनीफभाईंच्या ओठांची नुसती हालचाल चालली होती.

सायराने टोपी सरळ केली, अब्बांच्या हाताला हात लावला आणि आत बसली. एकटीच, पहिल्या खेपेला दुसरी सीट रिकामी ठेवतात. इंजिनाचा तो भुंग्यासारखा एकसुरी आवाज चढत गेला, विमान पळत सुटलं, आणि एका क्षणी त्याच्या चाकांखाली उजेड दिसला.

हनीफभाई उठून उभे राहिले. आबाही उठले. बघता बघता विमान मोठी गिरकी घेऊन डोंगराच्या बाजूला गेलं. मी आकाशाकडे बघतच नव्हते. डोळे मिटून आवाज ऐकत होते. कुठे अडखळतो का, कुठे बारीक होतो का. तेवढ्यात आबा हळूच हनीफभाईंना म्हणाले, "तुमची पोर वर हाय, माजी खाली. पन दोगींचा जीव एकाच त्यालात."

हनीफभाईंनी आबांचा हात धरला. तो त्यांनी विमान खाली येईपर्यंत सोडला नाही.

आवाज अडखळला नाही. सायराने तीन फेऱ्या घेतल्या, चौथीला ती खाली उतरली, टेकताना विमानाने एक छोटी उडी मारली, आणि ते आमच्यासमोर येऊन थांबलं. बबन पाना घेऊन धावला. इंजिन गरम होतं, फडका गुंडाळून त्याने एक प्लग काढला, आणि न पुसता, जसा होता तसा, आणून माझ्या तळहातावर ठेवला. फडक्यासकट. चहातल्या बिस्किटाचा रंग.

सायरा उतरून धावत आली ती थेट अब्बांच्या गळ्यात. हनीफभाई रडत होते आणि हसत होते, आणि बबन दोघांच्या भोवती नाचत होता. आबा त्या गर्दीतून वाट काढत माझ्याकडे आले. माझ्या हातातल्या प्लगकडे त्यांनी बघितलं. त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं, हे मला माहीत होतं. मग माझ्या तोंडाकडे बघितलं.

"पास?" त्यांनी विचारलं.

"पास, आबा. दोघीही."

"मंग चला," ते म्हणाले, आणि डबा उघडला.